आधी भट्टी की आधी वस्ती?

गावाबाहेर, जिथे माती चांगली लागते आणि पाणी हाताशी असते, तिथे वीटभट्टी लावायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माल जवळ असावा आणि धुराचा त्रास कोणाला होऊ नये, एवढाच साधा हिशेब त्यामागे असतो. परंतु गाव काही एका जागी बसून राहत नाही. माणसे वाढतात, शेतांचे प्लॉट पडतात, घरे उठतात, आणि वीस वर्षांनी पाहावे तो भट्टीच्या चारी बाजूंना वस्ती झालेली असते. घरवाले म्हणतात, "धुराने पोरं खोकतात, ही भट्टी हलवा." भट्टीवाला म्हणतो, "मी आधी आलो. भट्टी दिसत असताना तुम्ही जागा घेतलीत. आता मी कुठे जाऊ?"

पाहायला गेले तर दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा तंटा अवघड. एक खरा आणि दुसरा खोटा असता तर पंचांनी तो एका बैठकीत मिटवला असता.

हा तंटा जगभर झाला आणि आजही होतो. पण त्याचा सर्वांत लांबलचक आणि कागदोपत्री उतरलेला इतिहास अमेरिकेत सापडतो. शहराचे भाग पाडायचे, आणि कोणत्या भागात घरे, कोणत्या भागात दुकाने, कोणत्या भागात कारखाने हे ठरवून द्यायचे, अशा नियमांना तिकडे 'झोनिंग' म्हणतात. आपल्याकडेही 'झोन' हा शब्द आता तलाठी कार्यालयापर्यंत पोचला आहे. नियम उद्यापासून लागू झाला, पण त्यात न बसणारा धंदा कालपासूनच तिथे चालू असला, तर त्याचे काय करायचे? अशा आधीपासूनच्या वापराला आपण 'जुनी वहिवाट' म्हणू. कायद्याच्या काटेकोर अर्थाने नव्हे, तर बोलण्याच्या सोयीसाठी. या जुन्या वहिवाटीचे अमेरिकेत काय झाले, ते आज पाहू.

प्रारंभ होतो तो धोबीखान्यांपासून. कॅलिफोर्निया प्रांतातील सॅन फ्रान्सिस्को शहरात १८८० साली एक नियम झाला, की लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा असेल तर शहराच्या कारभारी मंडळाची परवानगी पाहिजे. कारण सांगितले आगीचे. ऐकायला हे रास्तच वाटते. परंतु त्या शहरात सुमारे ३२० धोबीखाने होते, त्यांपैकी ३१० लाकडी इमारतींत होते, आणि एकंदर सुमारे २४० चिनी लोकांचे होते. दोनशेच्या वर चिनी धोब्यांनी अर्ज केले; ते सगळे फेटाळले गेले. सुमारे ८० इतर लोकांनी अर्ज केले. त्यांतला एक सोडून सर्वांना परवानगी मिळाली. यिक वो नावाचा धोबी त्याच जागेत बावीस वर्षे धंदा करीत होता. त्याला पकडून तुरुंगात टाकले. तो थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८६ साली जिंकला. न्यायालयाच्या निर्णयाचा सारांश असा, की नियमाचे शब्द सरळ असले तरी अंमल वाकडा असेल, तर तो नियम टिकणार नाही.

ही गोष्ट मुद्दाम आधी सांगितली. 'आग', 'धूर', 'दुर्गंध' ही कारणे खरीही असतात. आणि नको असलेल्या माणसाला हुसकावण्याचे निमित्तही तीच असतात. पुढच्या सगळ्या इतिहासात ही शंका पाठ सोडत नाही.

आता त्याच प्रांतातील लॉस एंजेलिसला जाऊ. १९०० साली या शहराची लोकसंख्या एक लाख दोन हजारांच्या आसपास होती. १९१० साली ती तीन लाख एकोणीस हजार झाली. दहा वर्षांत तिप्पट! शहर आजूबाजूची रानेच्या राने आपल्या हद्दीत ओढून घेत होते. १९०८ आणि १९०९ या सालांत तिथल्या नगरसभेने शहराचे राहण्याचे आणि उद्योगाचे असे भाग पाडले. राहण्याच्या भागातून धोबीखाने हलवण्याचा नियम न्यायालयात गेला, तेव्हा प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ साली तो उचलून धरला.

मग आली वीटभट्टीची पाळी. हॅडाचेक नावाच्या एका गृहस्थाने १९०२ साली आठ एकर जमीन घेतली होती. जमीन तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होती आणि घरे दूर होती. खाली विटांना लायक अशी उत्तम माती होती, तीही खोलवर. त्याने यंत्रे बसवली, भट्ट्या उभारल्या, माती काढून काढून मोठमोठे खड्डे झाले. पुढे शहराची हद्द वाढत वाढत त्याला आत घेऊन पुढे गेली. घरे आली. धूर, काजळी आणि धूळ यांनी आपण आजारी पडतो, अशा तक्रारी शेजाऱ्यांनी प्रतिज्ञेवर लिहून दिल्या. शहराने ठराव केला, की या भागात वीटभट्टी चालवणे हा गुन्हा आहे. मुदत नाही, भरपाई नाही. हॅडाचेकला अटक झाली.

त्याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. विटांच्या धंद्यासाठी जमिनीची किंमत आठ लाख डॉलर. दुसऱ्या कोणत्याही कामासाठी फार तर साठ हजार. म्हणजे एका ठरावाने रुपयातला जेमतेम आणा-सव्वा आणाच उरतो. त्यात खड्ड्यांमुळे जमीन घरे बांधायच्याही कामाची राहिली नव्हती. तरीही २० डिसेंबर १९१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो शहराच्या बाजूने. न्यायमूर्ती मॅकेना यांच्या म्हणण्याचा आशय असा, की कोणी आधी आला म्हणून शहराची वाढ कायमची अडवता येत नाही; खाजगी हित आड आले तर त्याने वाट दिली पाहिजे. माती काढायला बंदी नाही, फक्त तिथे भाजायला बंदी आहे, असेही न्यायालयाने नोंदवले. माती दुसरीकडे नेऊन भाजणे परवडणार नाही, हे हॅडाचेकचे म्हणणे होते. त्याने निकाल बदलला नाही.

तेव्हा 'आधी कोण आले' या प्रश्नाने खटला सुटला नाही. सगळ्या शहराचे भले होणार होते आणि सगळी किंमत एकट्याने मोजली. या पुढचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे ही किंमत वाटून कशी घ्यायची, त्याचीच खटपट आहे.

नवल असे, की एवढा अधिकार हाती आला असूनही शहरांनी तो लगेच वापरला नाही. १९१६ च्या जुलैत न्यूयॉर्क शहराने सबंध शहरासाठी झोनिंगचे नियम केले. अमेरिकेतले संपूर्ण शहराचे हे पहिले व्यापक नियम. त्यामागे एडवर्ड बॅसेट हे वकील होते. त्यांनी धोरण ठेवले ते असे, की नियम पुढच्यासाठी; मागचे जे आहे ते राहू द्या. दुकान असेल तर दुकान, कारखाना असेल तर कारखाना. यात दया होती, तशी धूर्तताही होती. चालते धंदे बंद पाडले तर मालक कोर्टात जातील आणि सगळा कायदाच कोसळेल, अशी भीती होती. पुढे १९२६ साली युक्लिड या लहानशा गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगवर शिक्कामोर्तब केले. गावोगावच्या नियमांत जुन्या वहिवाटीला अभय देण्याची चाल पडली.

अशा अभयाला इंग्रजी बोलण्यात 'आजोबांची सवलत' अशा अर्थाचा एक शब्द रूढ झाला आहे. शिक्षक मंडळींनी त्याचे मूळ वर्गात जरूर सांगावे. दक्षिणेकडील प्रांतांनी काळ्या लोकांचे मत काढून घेण्यासाठी साक्षरतेच्या आणि मालमत्तेच्या अटी घातल्या. पण त्या अटींत गरीब गोरेही अडकू लागले. तेव्हा लुइझियाना प्रांताने १८९८ साली पळवाट काढली, की १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला मताचा हक्क होता, त्याला आणि त्याच्या मुला-नातवांना अट लागू नाही. त्या तारखेला काळ्यांना तिथे हक्कच नव्हता, हे उघड आहे! ओक्लाहोमा प्रांतातील असेच कलम सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली रद्द केले. कलम गेले, शब्द मात्र राहिला, आणि आज तो वीटभट्टीला आणि गॅरेजलाही लावतात. आधीपासून असणे हे नेहमीच निरपराध नसते, एवढी आठवण त्या शब्दात शिल्लक आहे.

बरं, जुन्या वहिवाटी राहू दिल्या. त्या संपणार कशा? योजकांचा समज असा, की त्या आपोआप मरतील. त्यासाठी नियमही घातले गेले. जुना धंदा वाढवायचा नाही. एका धंद्याच्या जागी दुसरा वर्ज्य धंदा आणायचा नाही. ठराविक काळ, पुष्कळ ठिकाणी एक वर्ष, बंद राहिला तर पुन्हा सुरू करायचा नाही. आग लागून इमारतीचा मोठा भाग नष्ट झाला तर तिथे पुन्हा तसलेच बांधायचे नाही. एकदा हे केले की वीस-पंचवीस वर्षांत शहर स्वच्छ, असा त्यांचा होरा होता.

झाले उलटेच. समजा, एका राहत्या वस्तीत एक जुने किराणा दुकान आहे. नव्या नियमाने त्या वस्तीत दुसरे दुकान उघडायला बंदी आहे. मग त्या दुकानदाराला स्पर्धा कोण करणार? नियमानेच त्याच्याभोवती कुंपण घातले आणि गिऱ्हाईक आत कोंडून दिले. तो कशाला हलेल? शिवाय एकदा बंद केले की हक्क जातो, म्हणून तो धंदा कसाबसा चालूच ठेवी. वाढवता येत नाही, नवे बांधता येत नाही, म्हणून इमारत मोडकळीला येई. ज्यांना जायला सांगितले नव्हते ते गेले नाहीत, आणि जे राहिले ते जीर्ण होऊन राहिले.

तेव्हा तिसरा मार्ग निघाला: मुदतीचा. आज बंद करू नका, कायमचे राहूही नका. अमुक वर्षांत लावलेले पैसे वसूल करा आणि उठा. न्यू ऑर्लिन्स शहराने राहत्या वस्तीतल्या जुन्या दुकानांना एक वर्ष दिले. तिथल्या एका किराणा दुकानाचे आणि एका औषधाच्या दुकानाचे खटले १९२९ साली प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दोन्हींत शहर जिंकले. पण दुसऱ्याच वर्षी, १९३० साली, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसला अडवले. तिथे मनोरुग्णांची खाजगी शुश्रूषालये एका भागातून उठवायची होती. न्यायालयाचे मत पडले, की नव्यांना मना करा, पण चालू असलेली संस्था अशी उखडू नका.

लॉस एंजेलिसने मग सबुरीने घेतले. १९४६ च्या ठरावात राहत्या भागातील काही प्रकारच्या जुन्या धंद्यांना पाच वर्षांची मुदत घातली. गेज नावाचा एक व्यापारी १९३० पासून नळांच्या सामानाचा धंदा करीत होता. घराच्या एका भागात कचेरी, आणि मोकळ्या आवारात पाइप व सामानाचे ढीग. मुदत संपली तरी तो उठला नाही, म्हणून शहराने फिर्याद केली. १९५४ साली अपील न्यायालयाने हिशेब मांडला. हलण्याचा खर्च सुमारे पाच हजार डॉलर. वर्षाची उलाढाल सव्वा लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत. पाच वर्षांच्या उलाढालीशी ताडून पाहिले तर खर्च शेकडा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. धंदा दुसऱ्या जागी तितकाच चालेल. तेव्हा मुदत वाजवी आहे, उठा.

श्रोतेहो, हॅडाचेक आणि गेज यांच्यामध्ये एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे, पण खरा फरक वर्षांचा नाही. गेजचे नळ गाडीत भरून नेता येत होते. हॅडाचेकची माती जमिनीतच होती. म्हणून मुदत वाजवी आहे का, हे कॅलेंडर पाहून ठरत नाही. किती पैसा गुंतला, त्यातला किती हलवता येतो, आणि दुसरीकडे जागा मिळते का, हे पाहावे लागते.

सगळ्यांना हे पटले असे मात्र नाही. ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन शहरात एक भंगाराची वखार शहराच्या १९२२ च्या झोनिंगपूर्वीपासून होती. ती बंद करण्याचा हुकूम ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली नामंजूर केला. मालमत्ता आज घेतली काय आणि काही वर्षांनी घेतली काय, भरपाई नसेल तर ती हिसकावणेच, असा या बाजूचा युक्तिवाद. न्यूयॉर्क प्रांतातील बफेलो शहरात पिंपे दुरुस्त करण्याचा एक धंदा १९२४ पासून चालू होता. त्याला तीन वर्षांची मुदत मिळाली. १९५८ साली तिथल्या श्रेष्ठ न्यायालयाने मुदतीचे तत्त्व मान्य केले, पण न्यायमूर्तींत तीव्र मतभेद पडला, आणि या मालकाला ती मुदत पुरेशी होती का हे तपासायला खटला खाली पाठवला. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९१ साली मुदतीची कल्पनाच आपल्या प्रांताच्या घटनेविरुद्ध ठरवली. एकच देश, पण प्रांत बदलला की न्याय बदलतो.

एक गोष्ट यात अधिक बोचते. हमरस्त्यांच्या कडेला जाहिरातींचे मोठमोठे फलक असतात. १९६५ साली अमेरिकेच्या संसदेने रस्ते सुशोभित करण्याचा कायदा केला. फलक हटवायचे ठरले, तेव्हा त्यांच्या मालकांना भरपाई द्यावी, असे त्यात घातले. १९७८ साली त्याच्या पुढे जाऊन ठरले, की त्या रस्त्यांवरचा कायदेशीर फलक शहराने आपल्या झोनिंगच्या नियमाखाली हटवला, तरीही रोख भरपाई द्यावी लागेल. फलकवाल्या कंपन्यांचे वजन मोठे. भंगारवाला, पिंपवाला आणि कोपऱ्यावरचा किराणावाला यांना वर्षे मोजून मिळाली. फलकांना पैसे मोजून मिळाले. बळी तो कान पिळी ही म्हण काही आपल्याच देशाची नाही.

धाकट्यांना न्याय मिळायला बराच काळ लागला. टेक्सास प्रांतातील डॅलस शहरात मोटारदुरुस्तीच्या जुन्या गॅरेजांना मुदत संपल्यावर उठवण्याचे प्रकरण पुष्कळ गाजले. अखेर २०२३ साली टेक्सासने कायदा केला, की चालू वापर बंद करायचा असेल तर मालकाला आधी रीतसर कळवले पाहिजे, आणि एकतर भरपाई दिली पाहिजे किंवा नुकसान भरून निघेपर्यंत धंदा चालू ठेवू दिला पाहिजे. १९१५ च्या त्या वीटभट्टीच्या मालकाने हेच मागितले असते.

आपल्या देशाकडे पाहिले तर आपला कायदा भरपाईच्या बाजूला अधिक झुकलेला दिसतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. योग्य नियोजनासाठी जमिनीचा चालू असलेला कायदेशीर वापर बंद करण्याची नोटीस देण्याचा अधिकार त्यात आहे, आणि त्यापायी नुकसान झाल्यास भरपाई मागण्याची वाटही त्याच कायद्यात ठेवली आहे. मात्र एक भिडू अमेरिकेच्या या सगळ्या खटल्यांत जवळजवळ दिसतच नाही: कामगार. भट्टीचा मालक कोर्टात गेला. भट्टीवर विटा थापणारा कुठे गेला?

त्याची आठवण दिल्लीत झाली. दिल्लीचा बृहत् आराखडा १९६२ सालचा. त्यात न बसणारे कारखाने तीस-पस्तीस वर्षे जागच्या जागी राहिले. ८ जुलै १९९६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १६८ धोकादायक कारखाने ३० नोव्हेंबरपासून दिल्लीत बंद करण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात, कारखाना दुसरीकडे गेला तर कामगाराच्या नोकरीत खंड पडू नये आणि त्याला स्थलांतरासाठी एका वर्षाचे वेतन मिळावे, असेही म्हटले. आदेश निघाला म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. २००० सालच्या नोव्हेंबरात लहान कारखान्यांवर कारवाई सुरू होताच दिल्लीचे रस्ते आंदोलकांनी भरून गेले. हातावर पोट असलेल्या माणसाला आराखड्यातला रंग दिसत नाही, उद्याची भाकर दिसते.

तेव्हा आपल्या गावाची हद्द वाढेल, नवा आराखडा भिंतीवर लागेल, आणि त्यात एखादी भट्टी, गिरणी किंवा गुऱ्हाळ चुकीच्या रंगात सापडेल, तेव्हा "आधी कोण?" यावर ग्रामसभेत घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. मुलांची छाती धुराने भरत असेल तर आधी आलेल्यालाही हलावे लागेल. विचारायचे ते तीन प्रश्न. नियम सर्वांना सारखा लागतो आहे, की एखाद्यालाच नेमका टिपतो आहे? दिलेल्या मुदतीत हे माणूस खरोखर दुसरीकडे उभे राहू शकेल का? आणि ज्या बदलाचा फायदा साऱ्या गावाला, त्याचा खर्च साऱ्या गावाने उचलायचा, की एका मालकाने आणि त्याच्या दहा मजुरांनी?

आराखड्यावर हरकती घ्यायला कायद्याने मुदत दिलेली असते. ती मुदत उलटून गेल्यावर गावाला जाग येते, असा पुष्कळदा अनुभव आहे. शिक्षकांनी तो नकाशा आणून गावकऱ्यांना वाचून दाखवला, आणि भट्टीवाला व शेजारी या दोघांनाही एकाच सतरंजीवर बसवून हे तीन प्रश्न विचारले, तर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाही.